जगदीशच्या नावे वाचलेली चाळीस पुस्तकं

पुस्तकाने माणूस मोठा होतो, ही गोष्ट आता सर्वमान्य झालेली आहे. किती पुस्तकांनी किती मोठा होतो, एवढाच हिशेब व्हायचा राहिला होता. तो क्षेत्रीय समितीने केला. समितीच्या मते साध्या विश्वासी माणसाचा नेता व्हायला चाळीस पुस्तकं पुरतात. (एकोणचाळीस वाचून थांबलेल्या माणसाचं पुढे काय होतं, याबद्दल समितीने मौन पाळलेलं आहे.)

समितीत सात जण होते. सातही जण आधीपासूनच नेते असल्यामुळे त्यांना वाचायची गरज नव्हती, आणि वाचायचं नसल्यामुळे त्यांच्यापाशी वेळ भरपूर होता. त्या वेळाचं सोनं करून त्यांनी एक परिपत्रक काढलं. त्याचं नाव 'ख्रिस्ती दृष्टिकोनातून व्यापक वाचनाद्वारे व्यक्तिगत वृद्धी व नेतृत्वविकास अभियान' असं होतं. नाव वाचून होईपर्यंतच माणसाची थोडीफार वृद्धी व्हावी, अशी त्यात सोय केलेली होती.

परिपत्रकात म्हटलं होतं की नेता हा वाचक असतो आणि वाचक हा नेता असतो. एखादा वाचक असूनही नेता झालेला नसेल, तर त्याने पुरेसं वाचलेलं नाही असं समजावं. इथवर कुणाचीच हरकत नव्हती. खरी मेख कलम चारमध्ये होती. आसनगावच्या बाजूची बोरीच्या पाड्याची मंडळी, म्हणजे तिथलं चर्च, आणि मुरबाडची मंडळी, दोन्ही लहान. म्हणून यापुढे दोघींना मिळून एकच नेता राहील. दोन्हीकडून एकेक उमेदवार द्यावा, त्याने चाळीस पुस्तकं वाचावीत, भाताची कापणी झाली की तोंडी मुलाखत. रविवारची उपासना कुठल्या जागी भरवायची ते निवडून आलेला नेता ठरवील. उरलेली जागा कुलूपबंद करण्यात येईल.

मुरबाडचा उमेदवार ठरलेलाच होता. शेखर तिथल्या एका पतपेढीत कारकून, अविवाहित, डोळ्यांना चष्मा. अशा माणसाने पुस्तकं वाचायची नाहीत तर करायचं काय? बोरीच्या पाड्याने मात्र जगदीशला उभं केलं.

जगदीशला मंडळीत पद असं काही नव्हतं. तो दार उघडायचा, सतरंजी अंथरायचा, ढोलकी वाजवायचा, आणि कल्याणहून येणारे पाळक गाडी चुकल्यामुळे आले नाहीत तर प्रार्थनाही चालवायचा. (गाडी महिन्यातून तीनदा चुकायची.) उपासना भरते ती पत्र्याची शेड त्याच्याच भेंडीच्या रानाच्या कडेला उभी आहे. तिचे पत्रे रस्त्यापासून डोंगराच्या अंगापर्यंत त्याने आणि शेजारच्या भिमाने खांद्यावरून आणले होते. पावसात तिच्यात प्रवचन ऐकू येत नाही आणि उन्हात बसवत नाही, पण जगदीशचा तिच्यावर जीव होता. ती कुलूपबंद झाली तर रविवारी मुरबाड गाठायचं. म्हणजे आधी चालत फाटा, मग रिक्षाने शहापूर, मग किन्हवलीवरून एस्टी; आणि परतीची एस्टी उपासना संपायच्या आधी सुटते. म्हाताऱ्या माणसांचं जाणं तिथेच संपलं. जगदीशच्या रखमीआत्याचे गुडघे तर फाट्यापर्यंतसुद्धा साथ द्यायचे नाहीत. शेड वाचवायची तर जगदीशने नेता व्हायला हवं, आणि नेता व्हायचं तर वाचायला हवं, इतका हा सरळ मामला होता.

एकच अडचण होती. जगदीशला वाचता यायचं, पण तिसऱ्या पानावर झोप यायची. त्यात आळस नव्हता. त्याच्या अंगाची ठेवणच तशी होती. नांगर धरला की दिवसभर दमायचा नाही, पुस्तक धरलं की तिसऱ्या पानावर मान टाकायचा. उभं राहून वाचून बघितलं, तर भिंतीला टेकून उभ्या उभ्या घोरू लागला. बायको रंजिता म्हणाली, "तुमी असं करा, दुसरं पान झालं की परत पयल्यावर या." तो प्रयोगही झाला. पहिलं आणि दुसरं पान त्याचं तोंडपाठ झालं, पुस्तक मात्र पुढे सरकेना.

जूनच्या शेवटी समितीकडून पुस्तकांची पत्र्याची पेटी आली. 'व्यापक' या शब्दाला समितीने पुरता न्याय दिला होता. पेटीत पहाटे उठणाऱ्या पुढाऱ्यांवरचं पुस्तक होतं, ऐकण्याच्या कलेवरचं होतं, बर्फात अडकलेल्या एका कप्तानाचं होतं, मुंग्यांच्या कारभारावरचं होतं, एका परदेशी कारखान्याचं होतं, समुद्रातल्या आठ हातांच्या एका प्राण्याचं रंगीत चित्रांचं होतं. लोणच्यांवरचंही एक होतं. (ते चुकून आलं असावं असं आधी वाटलं, पण यादीत होतं, पंचविसाव्या क्रमांकावर.) पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मात्र यादीत नव्हतं. ते सगळ्यांनी वाचलेलंच आहे असं समितीने गृहीत धरलं होतं, आणि गृहीत धरलेली गोष्ट कुणी तपासायला जात नाही.

पेटी आली आणि भाताची लावणी सुरू झाली. दिवसभर गुडघाभर चिखलात वाकायचं आणि संध्याकाळी नेतृत्व वाचायचं, म्हणजे तिसरं पान सुद्धा लांबच. जुलै अर्धा सरला तरी जगदीश पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या दोन पानांतच ये-जा करत होता. रखमीआत्याच्या शेतात लावणी चालली असताना तो एकाएकी हातातली रोपं टाकून बांधावर बसला.

"काय रे, पाय मुरगळला का?" आत्याने विचारलं.

"नाय गो आत्या. शेड जाते आपली. माज्यानं नाय व्हायचं वाचून."

"कितीक पुस्तकां हायत?"

"चाळीस."

"न घरां?"

"मंडळीची एकोनीस. धाकलूचं धरलं तर वीस."

"मग घराला दोन आली," आत्या म्हणाली आणि पुन्हा वाकली. "यात रडन्यासारखं काय हाय? सावडीनं वाचू."

सावड म्हणजे काय हे ज्यांनी भात फक्त ताटात पाहिलं आहे त्यांच्यासाठी सांगावं लागेल. आज सगळ्यांनी मिळून तुझं शेत लावायचं, उद्या माझं, परवा तिसऱ्याचं. ज्याचं शेत त्याने त्या दिवशी सगळ्यांना जेवू घालायचं आणि नंतर प्रत्येकाच्या शेतात एकेक दिवस भरून द्यायचा. रोपं कुणीही लावोत, पीक शेतवाल्याचं. लावणाऱ्याने त्या रोपाला आपलं म्हणायचं नाही. म्हटलं तर चारचौघांत तोंड दाखवायची सोय उरत नाही.

"अगो पन वाचायचं मी हाय," जगदीश म्हणाला.

"भात कुनाचं? तुजंच ना? मग ते लावताना तू एकटाच वाकतोस का?"

जगदीशने टाकलेली रोपं पुन्हा उचलली. या प्रश्नाचं उत्तर पुढे क्षेत्रीय समितीपाशीही सापडलं नाही.

पुस्तकं वाटली गेली. शिकलेल्या घरांनी वाचायची आणि न शिकलेल्यांनी पोरांकडून वाचून घ्यायची, असं ठरलं. धाकलू मंडळीतला नव्हता, त्याच्या घरी गणपती बसतो. पण सावडीत रविवारी कोण कुठे जातं ते कधी बघितलेलं नाही. त्याने चित्रं बघून आठ हातांच्या प्राण्याचं पुस्तक उचललं. 'ख्रिस्ती दृष्टिकोनातून' वाचायचं म्हणजे नेमकं कसं, यावर मात्र शेडमध्ये चर्चा झाली. कुणी म्हणालं, पूर्वेकडे तोंड करून. कुणी म्हणालं, रविवारचे कपडे घालून. शेवटी रखमीआत्याने निकाल दिला, की सुरवातीला प्रार्थना करायची, शेवटी आमेन म्हणायचं, आणि मधे कुणाला वाईट बोलायचं नाही, ज्याच्याबद्दल लिहिलंय तो सोडून. यापेक्षा नेमकी व्याख्या अद्याप कुणी केलेली ऐकिवात नाही.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. जगदीश रात्री शांत झोपू लागला. पण सावडीचा एक सरळ नियम त्याच्या ध्यानातून सुटला होता. पीक ज्याचं, त्याच्या खळ्यावर नेऊन पोचवायचं. वाचन जगदीशच्या नावे होतं, तेव्हा त्यातून होणारी वृद्धीही जगदीशचीच. ती परस्पर ठेवून घेणं म्हणजे चोरीच की! म्हणून ज्याचं त्याचं पुस्तक वाचून झालं तसतशी एकेक असामी जगदीशची वृद्धी घेऊन त्याच्या दारात हजर होऊ लागली.

पहिला आला भिमा. त्याच्या वाट्याला पहाटे उठणाऱ्या पुढाऱ्यांचं पुस्तक आलं होतं. जगातला एकही थोर माणूस चारच्या पुढे झोपलेला नाही, असं त्यात पुराव्यानिशी सिद्ध केलेलं होतं. भिमा पहाटे चारला आला, जगदीशच्या अंगावरची गोधडी ओढली, त्याला अंगणात उभं केलं आणि घरी जाऊन झोपला. रोज. (वाचन जगदीशच्या नावे होतं. भिमाने जागं राहायचं काही कारण नव्हतं.)

दुसरी आली ठमी. तिचं पुस्तक ऐकण्यावरचं. खरा नेता मान हलवतो, डोळ्यांत बघतो आणि मधे बोलत नाही. ठमीने जगदीशला ओटीवर समोर बसवलं आणि आपल्या सुनेबद्दल बोलायला सुरवात केली. तिला सून येऊन नऊ वर्षं झाली होती आणि ठमीने पहिल्या दिवसापासून सांगायला घेतलं होतं. दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीपाशी जगदीशने तोंड उघडलं.

"ठमीबाय, ते भेंडी तोडायची..."

"नेत्यानं मधे बोलायचं नसतं. बावन्न पानावर हाय."

भेंडी निबर झाली. पण जगदीशचं ऐकणं असं काही सुधारलं की आजूबाजूच्या पाड्यांवरूनही लोक येऊन त्याला सुनांबद्दल सांगू लागले.

बर्फातला कप्तान रंजितानेच वाचला होता. कप्तानाने खलाशांना आधी जेवू घातलं, स्वतःची बिस्किटंसुद्धा वाटून टाकली आणि सगळ्यांना जिवंत परत आणलं, हे वाचताना तिच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. त्या दिवसापासून जगदीशला शेवटी वाढण्यात येऊ लागलं. घरात खाणारी माणसं सहा. सुकट त्याच्यापर्यंत यायच्या आत संपायची. तो मुकाट्याने कालवणाच्या वाटीकडे बघायचा आणि रंजिता कौतुकाने त्याच्याकडे बघायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याबद्दल तिला इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

धाकलूने आठ हातांच्या प्राण्याचं सार थोडक्यात सांगितलं. त्या प्राण्याचा प्रत्येक हात आपापला विचार करतो, डोकं हातांच्या कामात पडत नाही. एवढं सांगून त्याने जगदीशचा पाण्याचा पंप उचलला. जगदीश म्हणाला, "अरे, विचारायचं तरी." धाकलू म्हणाला, "डोक्यानं हातांच्या कामात पडायचं नाय, दादा," आणि पंप घेऊन गेला. धाकलूला ख्रिस्ती दृष्टिकोन ठाऊक नव्हता, तरी त्याचं आकलन सगळ्यांत पक्कं ठरलं.

आणखी एका पुस्तकात लिहिलं होतं की नेत्याने आपल्या चुका सगळ्यांसमोर कबूल कराव्यात. मंडळीत रविवारी साक्ष द्यायची पद्धत आहेच. ज्याला देवाने काही दाखवलं तो उठून सांगतो. आता साक्षीची सगळी वेळ जगदीशला देण्यात आली. पहिल्या रविवारी त्याने राग कबूल केला, दुसऱ्या रविवारी आळस, तिसऱ्या रविवारी लहानपणी चोरलेल्या कैऱ्या. चौथ्या रविवारी त्याच्या चुका संपल्या. तो कानकोंडा होऊन उभा राहिला, तेव्हा मंडळीने त्याला एकटं पडू दिलं नाही. मागच्या रांगेपासून पुढच्या रांगेपर्यंत एकेकाने उठून त्याला चुका पुरवल्या. प्रीतीचं असं दर्शन त्या शेडमध्ये आधी कधी झालं नव्हतं.

पुस्तकांचं आपसांत पटत नसे, ही एक किरकोळ गैरसोय होती. एकात लिहिलेलं की नेत्याने ठाम असावं, दुसऱ्यात लिहिलेलं की नेत्याने नम्र असावं. दोन्ही वाचणारी घरं जगदीशच्या अंगणात समोरासमोर आली आणि तासभर भांडली. जगदीशला कुणी काही विचारलं नाही, कारण तो त्या वेळी ऐकत होता. शेवटी तोडगा निघाला. सम तारखेला जगदीशने ठाम राहायचं आणि विषम तारखेला नम्र. एकतीस तारखेमागून एक तारीख आली की लागोपाठ दोन दिवस नम्र राहावं लागे, ते त्याला जड जाई. लोणच्याच्या पुस्तकाचं मात्र ठामवाल्यांशीही जमलं आणि नम्रवाल्यांशीही. त्या वर्षी पाड्यात जगदीशच्या नावे अकरा प्रकारची लोणची पडली आणि चाखायला बोलावून त्याच्या ताटात शेवटी वाढण्यात आली.

या काळात वाचनाचा जो परिणाम दिसून आला तो समितीने पुढे आकड्यांत मांडला. चाळीस पुस्तकांच्या वाचनातून एकूण तीनशे बारा दोष लक्षात आले. पैकी एकशे चौऱ्याहत्तर जगदीशमध्ये, सत्त्याण्णव मंडळीतल्या इतरांमध्ये, चाळीस मुरबाडच्या लोकांमध्ये, आणि एक वाचणाऱ्याचा स्वतःचा. (तो ठमीचा. आपण फार मऊ मनाच्या आहोत, असं तिला आढळून आलं.)

वर सावडीची परतफेड होतीच. वीस घरांनी वाचलं, स्वतःचं सोडून एकोणीस घरी दिवस भरून द्यायचे. जगदीशने लोकांची खतं टाकली, कुडं बांधली, भारे वाहिले, भिमाचा गोठा शाकारला. चारला उठायचं, शेवटी जेवायचं, दिवसभर ऐकायचं आणि रविवारी चुका कबूल करायच्या. आश्चर्य म्हणजे माणूस खरोखरच सुधारला! त्याला दुसरी वाटच ठेवली नव्हती. फक्त वृद्धी होता होता त्याचा शर्ट अंगावर लोंबायला लागला आणि डोळे आत गेले.

एक दिवस तो रंजिताला म्हणाला, "मना नाय व्हायचं नेता. मना फक्त झोपायचं हाय."

"न शेड?" रंजिताने विचारलं.

जगदीशने डोळे मिटले. त्याला रखमीआत्या दिसली, काठी टेकत फाट्याकडे निघालेली, आणि वाटेतल्या पुलाच्या कठड्यावर बसून राहिलेली. दुसऱ्या दिवशी भिमा यायच्या आधीच तो अंगणात उभा होता.

तिकडे मुरबाडला शेखरने चाळीसच्या चाळीस पुस्तकं स्वतःच्या डोळ्यांनी, खाली रेघा मारत वाचून काढली. दहाव्या पुस्तकानंतर तो प्रत्येक वाक्य 'यात तीन मुद्दे आहेत' असं म्हणून सुरू करू लागला. विसाव्यानंतर चहाच्या टपरीवर त्याच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. तिसाव्यानंतर त्याची स्वतःची आईसुद्धा हाक मारण्यापूर्वी थोडा विचार करायची. नेत्याला लागणारे सगळे गुण त्याच्यात आले होते. ते आले आहेत हे सांगायला मात्र कुणी जवळ थांबत नव्हतं.

कापणी झाली आणि मुलाखतीसाठी समिती बोरीच्या पाड्यावर आली. दोघांचीही मुलाखत त्याच शेडमध्ये ठेवली होती. (दाराला केवढं कुलूप लागेल तेही त्याच फेरीत बघून व्हावं, असा त्यात काटकसरीचा विचार होता.) वीसही घरं दाटीवाटीने बसली. जगदीश रविवारचे कपडे घालून पुढे उभा राहिला.

अध्यक्षांनी विचारलं, "बंधू जगदीश, आपण चाळीस पुस्तकं वाचलीत?"

आता इथे साधं 'हो' म्हणायचं होतं. सावडीच्या हिशेबाने ते खोटंही नव्हतं. पण चार महिने दर रविवारी चुका कबूल करून जगदीशच्या जिभेला वळण लागलं होतं. शिवाय ती विषम तारीख होती.

"नाय साहेब," तो म्हणाला. "मी एकाची दोन पानां वाचली. बाकी यांनी वाचली."

शेडमध्ये चुळबूळ झाली. अध्यक्ष भिमाकडे वळले. "म्हणजे पुस्तकं आपण वाचलीत?"

भिमा दचकून उभा राहिला. दुसऱ्याच्या शेतातलं रोप आपलं म्हणण्याची पाळी त्याच्यावर जन्मात आली नव्हती. "नाय नाय साहेब! आमी कशाला? ते जगदीशचं वाचन हाय."

"डोळे कुणाचे होते?"

"डोळे माजे."

"मग वाचलं कुणी?"

"जगदीशनं."

अध्यक्षांनी ठमीला विचारलं, तिने जगदीशकडे बोट दाखवलं. धाकलूला विचारलं, तो म्हणाला, "मी तर मंडळीतलाच नाय, मी कशाला वाचू?" रंजिताला विचारलं, तिने कप्तानाची सगळी गोष्ट सांगितली, रडली, आणि शेवटी म्हणाली की वाचलं यांनीच. वीस घरं झाली. समितीच्या चिटणिसाने नोंद केली, ती अशी : वाचून झालेली पुस्तकं चाळीस, वाचणारे शून्य. ती बघून अध्यक्षांनी रुमालाने मान पुसली.

मग शेखर उठला. "नेतृत्वाबाबत तीन मुद्दे आहेत," त्याने सुरवात केली. पहिल्या मुद्द्यात पाच उपमुद्दे होते. तो बोलत राहिला, पत्रा तापत राहिला, समितीतल्या दोघांनी डोळे मिटून मनन सुरू केलं. दुसऱ्या मुद्द्याच्या चौथ्या भागात त्याचा आवाज चिरकला, तशी पुढे बसलेली रखमीआत्या मोठ्याने म्हणाली, "पोरा, किती बोलतोस रे! घसा बसला तुजा. बस खाली, पानी पी."

शेखर थांबला. त्याने सगळ्यांकडे बघितलं, खाली बसला आणि तांब्याभर पाणी प्यायला. तिसरा मुद्दा काय होता ते कुणाला कळलं नाही.

समितीने बाहेर आंब्याखाली विचारविनिमय करून एकमताने निर्णय दिला. शेखर चाळीस पुस्तकं वाचलेला, म्हणून संयुक्त नेता शेखर. जगदीशच्या उल्लेखनीय वृद्धीबद्दल त्याचं अभिनंदन. जगदीशने वर पत्र्यांकडे बघितलं. एवढे महिने पहाटे उठला, उपाशी राहिला, न केलेल्या चुकाही कबूल केल्या, आणि शेवटी खरं बोलून शेड घालवली. त्याला हुंदका आवरेना. रखमीआत्याने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "जेवनाचं बघ. पावनी उपाशी हायत."

सावडीचं जेवण चुकत नाही. पंगत बसली. शेखरही बसला, आणि मग जे व्हायचं ते झालं. या लोकांना चार महिने एक माणूस सुधारायची सवय लागलेली. समोर नवा, ताजा, अधिकृत नेता बसलेला. तो जगदीशपेक्षा कितीतरी कच्चा दिसत होता.

"तुमी पहाटे कितीला उठता?" भिमाने भात कालवता कालवता विचारलं.

"पुस्तकात चार लिहिलंय," शेखर म्हणाला. "मला जमत नाही. गजर बंद करून झोपतो."

"गजरानं काय व्हतंय? गोधडी वढायला मानूस लागतो."

"याला आदी वाढू नका गो," रंजिता म्हणाली. ठमीने ताट घेऊन त्याच्या समोर बसकण मारली आणि विचारलं, "तुमचं लगीन नाय झालं ना? मग सुनेचं काय तुमाला कळनार? ऐका." धाकलूने त्याची मोटरसायकल दोनदा फिरून बघितली. रखमीआत्या म्हणाली, "बोलन्याचं मी बघते. हात वर केला की गप बसायचं."

शेखरचा चष्मा ओला झाला. "मी चाळीस पुस्तकं वाचली," तो म्हणाला, "पण कुणी एकदा मला पाणी पी म्हटलं नाही. माझ्यात काय चुकतं ते सांगायला मुरबाडला कुणी उरलंच नाही हो."

"आमी सांगू ना," सगळी पंगत एका सुरात म्हणाली.

"पन मुरबाडला पहाटे चारला मी पोचनार कसा?" भिमाने अडचण काढली. पंगत विचारात पडली. जगदीशचा घास हातातच राहिला.

शेखर उठून अध्यक्षांपुढे गेला. उपासनेची जागा कलम चारप्रमाणे नेता ठरवतो, याची त्याने आठवण करून दिली. मग त्याने सांगितलं, की उपासना इथेच भरेल, या पत्र्याखाली. तो म्हणाला यात एकच मुद्दा आहे. आणि तो न सांगताच खाली बसला. रखमीआत्याला एवढा जलद गुण अपेक्षित नव्हता.

जगदीशने ढोलकी काढली. किती वेळ वाजवली, कुणास ठाऊक; अध्यक्षसुद्धा टाळ्या वाजवत होते आणि टाळ्या का वाजवतो आहोत ते त्यांना कळत नव्हतं.

आता मुरबाडची मंडळी दर रविवारी जीप करून येते. आपल्या इमारतीला कुलूप लागलं म्हणून ती काही दिवस रुसली होती, पण प्रवचन अर्ध्यावर आलं हे कळल्यावर रुसवा गेला. शेखर शनिवारीच येऊन जगदीशकडे मुक्काम करतो. पहाटे चारला भिमा येतो आणि अंधारात चाचपून योग्य गोधडी ओढतो. जगदीशला सवयीने जाग येते. तो भिमाची पावलं ऐकतो, शेजारी शेखर उठून बसल्याचं ऐकतो, आणि कूस बदलून झोपी जातो. इतकं सुख त्याला आयुष्यात क्वचित लाभलं होतं. समितीने अभियान यशस्वी झाल्याचं जाहीर करून पुढच्या वर्षासाठी ऐंशी पुस्तकांची शिफारस केलेली आहे.

राहता राहिलात तुम्ही. हे सगळं वाचताना तुमच्या मनात कुणाचं तरी नाव आलं असेल. हे त्यांनी वाचायला हवं, त्यांना याची फार गरज आहे, असंही वाटलं असेल. त्यात लाजण्यासारखं काही नाही. तुम्ही हे त्यांच्या नावे वाचलंत, एवढाच त्याचा अर्थ. जरूर पाठवा त्यांना. फक्त ते वाचत असताना त्यांच्या मनात कुणाचं नाव आलं, हे मात्र विचारायला जाऊ नका.